टेलरबाई बेटावर राहिल्या

लिफ्टवाल्यांची बायको बेटावरच्या एका बोटवाल्याबरोबर राहिली म्हणे!

ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कोणी आणली ते शोधत बसण्यात अर्थ नाही. अशा बातमीला आई नसते, सुइणीच फार असतात. पुरावा मात्र भक्कम होता. जाताना दोघं गेली होती, पाठीला दोन निळ्या पिशव्या अडकवून. येताना लिफ्टवाले एकटेच आले, एकच पिशवी घेऊन. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याला कपड्यांवरच्या सुरकुत्यांपेक्षा लोकांच्या घरातल्या सुरकुत्या लवकर दिसतात, हे सगळ्या गल्लीला मान्य आहे. शिवाय लिफ्टवाल्यांच्या फोनमध्ये एक फोटो होता. त्यात टेलरबाई एका बोटीत, पिवळ्या छताखाली, पाय सोडून बसलेल्या आणि तोंडभर हसत असलेल्या. शेजारी बोटवाला. एकावन्न वर्षांची बाई, घरात जावई आलेला, आणि ही परक्याच्या बोटीत हसतेय! एवढं सूत लोकांना पुरलं. स्वर्ग काही फार लांब नव्हता.

आता बाई कोण, ते आधी ऐका.

बाईंचं दुकान जिन्याखाली. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसरीनं बाहेरच उभं राहून पोट आत घ्यावं, एवढीच जागा. एक पाय मशीन, एक कापायचं फळकुट, भिंतीवर खिळ्याला लटकवलेले कागदी साचे, आणि एक उभा आरसा, ज्यात माणूस जरा बारीक दिसतो. तो आरसा बाईंनी शोधून आणला असं बायका म्हणतात. बाई म्हणतात, दुकानात होता तसा घेतला. काय असेल ते असो, गिऱ्हाईक त्या आरशासमोरून खूश होऊन जातं.

बाई मापं लिहून ठेवत नाहीत. वहीच नाही. एकदा टेप लावली की माप डोक्यात बसलं ते बसलं. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला दुकानातूनच हाक मारतील, "काय गं, कंबर दीड इंच वाढली ना? ये, शिवण सोडून देते." आणि ती बाई लाजून, रागावून, शेवटी दुसऱ्या दिवशी कपडे घेऊन येते. कारण दीड म्हणजे दीडच निघतो.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. शहर असं की जमिनीवर जागा उरली नाही म्हणून लोक आभाळाकडे निघालेले. त्यातल्या चौतीस लिफ्ट लिफ्टवाल्यांच्या अंगावर. सव्वीस वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याला किती वेळा गरम जेवताना पाहिलं ते बोटांवर मोजता येईल. पानावर बसले की फोन. पलीकडून एकच शब्द, "अडकलेत." की हे हात धुऊन निघाले. लग्नाच्या दिवशी सभागृहाच्या लिफ्टमध्ये मुलीकडचे सात जण अडकले, तेव्हा नवरदेव कोट काढून वर चढला होता. फोटोत त्याच्या हाताला ग्रीस आहे. लग्नानंतर दोघं चार दिवस थंड हवेच्या गावी गेली. हॉटेलची लिफ्ट कुरकुरत होती. पहिला दिवस यांनी ऐकून काढला, पुढचे तीन गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. हॉटेलवाल्यानं निरोप देताना बाईंना फुलांचा गुच्छ दिला, त्याला तरी लाज वाटली असावी.

बाई कधी भांडल्या नाहीत. "तुमच्या चौतीस सवती आहेत, मी पस्तिसावी," एवढंच म्हणायच्या. लिफ्टवाले हसायचे. पण पस्तिसावीला सव्वीस वर्षांत एकच गोष्ट हवी होती. पंधरा दिवस हा माणूस सबंध हवा. अर्धा नको, कान फोनकडे लावलेला नको. सबंध.

हे जमायला निमित्त झालं एका चेनचं.

मार्च महिन्यात एक जोडपं दुकानात आलं. विशी-पंचविशीतली पोरं, पाठीवर उंटासारख्या पिशव्या. मुलीच्या पिशवीची चेन तुटली होती. बाईंनी ती उसवून नवी बसवली, त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती दोघं पायरीवर बसून एकच सफरचंद आळीपाळीनं खात बेटाबद्दल बोलत होती. तिथं गाडी नाही, रस्ता नाही, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि वाळूतून चालत खोलीवर जायचं. चाकांच्या बॅगा तिथं निकामी.

बाईंनी दोरा दातानं तोडत विचारलं, "इमारती केवढ्या उंच?"

"इमारती? एक दुमजली घर आहे, मावशी. त्याचाही जिना बाहेरून."

"म्हणजे लिफ्ट..."

मुलगी हसतच सुटली. "लिफ्ट कशाला? नारळ काढायला?"

बाईंनी त्याच क्षणी ठरवलं. आणि हातात होती तेवढ्या वेळात त्या पिशवीचा प्रत्येक टाका, प्रत्येक पट्टा डोळ्यांनी कापून घेतला.

लिफ्टवाल्यांना सांगितलं ते विचारल्यासारखं नव्हतंच. "सुट्टी टाका. पंधरा दिवस. फोन धाकट्या मेकॅनिकला देऊन यायचा आणि कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. शब्द द्या."

"अगं, पण चौतीस..."

"मोडलात तर यापुढे मी कधी चला म्हणणार नाही. कुठंच. कधीच."

लिफ्टवाले दचकले. बाई असं तोलून कधी बोलत नसत. त्यांनी दिला शब्द. मग जरा सावरून म्हणाले, "आणि तू?"

"माझं काय! मी सुईदोराही बरोबर घेत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. बाईंना ते पुढे फार महागात पडलं.

पिशव्या बाईंनी स्वतः शिवल्या. जाड निळ्या कॅनव्हासच्या, आतून अस्तर, बाहेरून चार खिसे, खांद्याला पट्टे आणि कमरेला बक्कल. नणंद बघायला आली. नणंद म्हणजे लिफ्टवाल्यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण नाक कायम इकडे.

"वहिनी, या वयात पाठीला बोचकी? लोक म्हणतील घर सोडून चालले."

"म्हणू दे. त्यांनाही काम हवं."

"आणि दादाला झेपेल का?"

"त्यांच्याच मापाची आहे."

इथं चूक झाली. सगळ्या वस्तीच्या कमरा जिला तोंडपाठ, तिनं नवऱ्याचं माप घेतलंच नाही. घ्यायचं कशाला? पाठ होतं की! लग्नाच्या कोटाच्या वेळी घेतलेलं. बत्तीस.

निघायच्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्यांनी पिशवी पाठीला लावली, कमरेचा पट्टा पुढे ओढला आणि बक्कलची दोन टोकं एकमेकांकडे बघत राहिली. मध्ये वीतभर नवरा शिल्लक होता. बाई तेव्हा कुलूप लावत होत्या. लिफ्टवाल्यांनी दोन्ही टोकं हळूच शर्टाखाली सारली आणि म्हणाले, "झकास बसली." खोटं बोलायला जो माणूस एरवी तीन दिवस घेतो, तो हे एका दमात बोलला.

प्रवासाची रडगाणी गाण्यात मजा नाही. अकरा तासांची बस, मग छोटी गाडी, मग बोट. बसच्या दारात लिफ्टवाले पिशवीसकट अडकले, तेव्हा मागचा एक जण म्हणाला, "आजोबा, आधी सामान, मग तुम्ही." आजोबा म्हटल्याचं त्यांना लागलं, बाईंनी चार तास पुरवून पुरवून चिडवलं. बोटीवर मात्र त्यांचा चेहरा बदलला. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी तो चेहरा ओळखला.

"अहो."

"काय?"

"काय ऐकताय?"

"बेअरिंग गेलंय त्या इंजिनाचं."

"शब्द दिलाय."

"मी हात नाही लावला. कान लावला."

बेट सांगितलं होतं तसंच निघालं. पांढरी वाळू, नारळीच्या रांगा, पाणी असं की तळातला शिंपला दिसावा. खोली एका वयस्क बाईकडे, जिला सगळं बेट मावशी म्हणत असे. एक पलंग, एक खिडकी, खिडकीत समुद्र. दारासमोर झोपाळ्याची जाळी. बाईंनी तिसऱ्या दिवसापर्यंत नवऱ्यावर पाळत ठेवली. किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढून घ्यायचा एक लोखंडी रहाट होता, आणि तो गंजून अडकला होता. सहा-सात माणसं ओरडत होड्या हातांनी ओढायची. लिफ्टवाल्यांचं तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून बाई त्यांना रोज उलट्या दिशेनं फिरायला न्यायच्या.

पण लिफ्टवाले काही वेगळ्याच नादाला लागले. पाण्याला घाबरणारा हा माणूस चौथ्या दिवशी सकाळी कंबरभर पाण्यात जाऊन पाठीवर पडला आणि तरंगला. पोट वर, डोळे मिटलेले, जसं कासव उलटं झालंय आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तास झाला तरी बाहेर येईनात. बाई काठावर उभ्या राहून हाका मारत होत्या.

"अहो, वाहून जाल!"

"जाऊ दे."

बाईंना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखंही झालं. पाळत ठेवायला माणूस पळावा तरी लागतो! हा पळतच नव्हता.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा सदरा काढलेला होता, आणि बाईंनी त्यांचे खांदे पाहिले. दोन्हीकडे पट्ट्यांनी सोलवटल्याच्या लालभडक रेघा. कमरेवर एकही नाही. टेलरबाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. सगळं वजन खांद्यांवर आलं होतं, म्हणजे कमरेचा पट्टा लागलाच नव्हता. त्या खोलीत गेल्या, पिशवी उलटी केली, पट्ट्याची कड बघितली. बक्कल एकदाही घासलेलं नव्हतं.

त्या पलंगावर बसल्या. कुठल्याही पोरीचं दीड इंच रस्त्यावरून दिसतं, आणि रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाचं काय काय वाढलं ते दिसलं नाही! त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी ठरवलं, यांना कळायच्या आत पट्टा लांब करायचा.

पण माप? दुपारी लिफ्टवाले जाळीत झोपले होते. बाईंनी एक सुतळी घेतली आणि नवऱ्याच्या पोटावरून अलगद पलीकडे सरकवली. लिफ्टवाल्यांनी झोपेतच तिथं एक चापट मारली.

"मुंगी," बाई कुजबुजल्या.

"केवढी!" ते पुटपुटले आणि कुशीवर वळले, सुतळीसकट. बाईंना अर्धा तास तिथं उकिडवं बसून वाट बघावी लागली.

सुतळी चाळीस इंच भरली. हे माप मावशीच्या टेपवर घेतलं, कारण मावशीच्या मागच्या ओसरीत, चादरीखाली झाकलेलं, एक जुनं पाय मशीन होतं. सुई मोडलेली, पट्टा सैल. बाईंच्या हाताला खाज सुटली ती सांगण्यासारखी नाही. मावशीनं डब्यातून जाड सुई शोधून दिली, बाईंनी पट्टा घट्ट केला, तेल सोडलं, आणि मावशीच्या एका जुन्या पिशवीच्या कापडाचा आठ इंच तुकडा जोडून नवऱ्याचा कमरपट्टा चाळीस करून टाकला. दहा मिनिटांचं काम. इथंच थांबल्या असत्या तर गल्लीला ही बातमी मिळालीच नसती.

पण ओसरीच्या पायरीवर बोटवाला मासळी द्यायला आला होता. साठीचा माणूस, तीन नातवंडांचा आजोबा. (गल्लीनं याला पुढे पस्तिशीचा आणि पिळदार केला, ते सोडा.) कॅनव्हासवरून मशीन सरसर चाललेलं पाहून तो हातातली टोपली विसरला.

"ताई, जाड कापड शिवता तुम्ही?"

"शिवते की."

"मग आमच्या होडीचं छत..."

गोष्ट अशी होती की उन्हानं होड्यांची छतं फाटून चिंध्या झाली होती. पिवळं जाड कापड आणून वर्ष झालं, ते मावशीच्या माळ्यावर पडून होतं. कारण अख्ख्या बेटावर शिवणारं कोणी नाही, आणि समुद्रापलीकडे पाठवलं तर दोन महिने परत येत नाही. बायकापोरांना घेऊन होडी न्यायची तर डोक्यावर ऊन.

"एकच," बाई म्हणाल्या. "आणि यांना सांगायचं नाही."

"यांना म्हणजे?"

"ते तिकडे तरंगतायत ते."

एकाचं दुसरं झालं. दुसरं होईपर्यंत अकरा होडीवाले ओसरीत आपापल्या होडीची लांबी सुतळीवर मोजून घेऊन आले. बाई रोज दुपारी लिफ्टवाल्यांना सांगायच्या, "मी जरा मावशीशी बोलून येते." मावशीशी इतकं बोलणं काय असतं, असा प्रश्न नवऱ्यांना पडत नाही. पण नवव्या दिवशी लिफ्टवाल्यांना तहान लागली आणि ते पाण्यासाठी मागच्या ओसरीकडे वळले.

समोर पिवळ्या कापडाचा डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी बायको, मशीनवर वाकलेली, तोंडात सहा टाचण्या.

बाई थिजल्या. बोलायची सोय नव्हती, टाचण्या.

"सुईदोराही घेत नाही," लिफ्टवाले म्हणाले.

"हूं."

"मावशीशी बोलून येते."

"हूं."

बाईंनी एक एक टाचणी काढून कापडाला लावली. तेवढ्या वेळात त्यांच्या डोक्यात सगळं फिरून गेलं. शब्द यांच्याकडून घेतला आणि मोडला आपण. आता हा माणूस म्हणणार, ठीक आहे, सुटलो. आणि जाणार. अजून सहा दिवस होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हातात आलेले, त्यातले सहा, आपल्याच हातानं कापले.

आणि नेमका तेव्हाच बोटवाला आला. त्याला मावशीकडून कळलं होतं की साहेब मशीनवाले आहेत. "साहेब, तेवढा रहाट बघता का? दोन वर्षं अडकलाय."

अडकलाय. तोच शब्द.

बाईंनी वर पाहिलं नाही. कापडावरची घडी सारखी करत म्हणाल्या, "जा. मी काही म्हणणार नाही."

लिफ्टवाल्यांनी रहाटाच्या दिशेनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटवाल्याला म्हणाले, "दादा, हिनं सुट्टी मोडली. माझी चालू आहे."

"पण साहेब..."

"परत जाताना बंदरावर मिस्त्री सांगतो. चांगला आहे, येताना बघून ठेवलाय. त्याला घेऊन या."

बोटवाला हिरमुसून गेला. लिफ्टवाले ओसरीत बसले. मशीनमागे कापडाचं ओझं जमिनीवर लोंबत होतं; प्रत्येक टाक्याला ते मागे ओढायचं आणि शिवण वाकडी व्हायची. त्यांनी ते टोक उचललं.

"हे कुणीतरी धरायला हवं ना?"

"हवं तर आहे."

"मग धरतो. हे यंत्र नाही."

तिथून पुढचे सहा दिवस ती दोघं त्या ओसरीत होती, सकाळचं तरंगणं झालं की. बाई पाय मारायच्या, लिफ्टवाले मागून कापड सोडायचे, जसं शिवण पुढे जाईल तसं. समोरासमोर नाही, एकाच ओळीत. त्यामुळे बोलणं सोपं झालं. लिफ्टवाल्यांनी विचारलं, दुहेरी टाका म्हणजे काय. बाईंनी विचारलं, लिफ्ट तुटून खाली पडत का नाही. दोन्ही उत्तरं लांबलचक होती आणि दोघांनी ती पुरती ऐकली. लेकीच्या सासरच्यांबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून झालं. नणंदेबद्दल तर दीड होडीचं छत भरेल एवढं निघालं.

"मला रोज दिसतेस तू," एका दुपारी लिफ्टवाले म्हणाले.

"कुठं?"

"कोपऱ्यावरची बारा मजली इमारत आहे ना, तिच्या मशीनरूमच्या खिडकीतून तुझं दुकान दिसतं. अडीच वाजता तू मशीनवर डोकं टेकून झोपतेस. वीस मिनिटं."

बाईंचा पाय थांबला. "सव्वीस वर्षं बघताय?"

"इमारत एकोणीस वर्षांपूर्वीची आहे."

"आणि कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

बाईंनी पुढचा टाका वाकडा घातला आणि उसवला नाही. ते छत अजून तसंच आहे.

मग बाईंनीही कबुली दिली. कंबर बत्तीसची चाळीस झाल्याचं, सुतळीचं, मुंगीचं. लिफ्टवाले इतके हसले की कापड हातातून सुटलं. "मला कळलं होतं ती मुंगी नाही ते. मुंगी कधी एवढे सुस्कारे टाकत नाही."

पंधरावा दिवस आला तेव्हा अकरांपैकी चार छतं झाली होती. दुपारची बोट गाठायची होती. बाईंनी स्वतःची पिशवी भरलीच नाही.

"तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "माझी सात राहिलीत."

"मी एकटा?"

"तुम्ही शब्द पाळलात. मी होडीवाल्यांना दिलाय, तो मला पाळू द्या. कापड धरायला मावशी आहे."

लिफ्टवाल्यांनी पिशवी पाठीला लावली, पट्टा पुढे ओढला. टक्. बक्कल बसलं. त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवून वळून दाखवलं, जसं गिऱ्हाईक आरशासमोर वळतं.

"कशी बसलीय?"

"झकास," बाई म्हणाल्या. आणि या खेपेला ते खरं होतं.

निघण्याआधी बोटवाल्यानं आपल्या नव्या छताखाली बाईंना बसवलं आणि लिफ्टवाल्यांना म्हणाला, काढा फोटो, ज्यांनी शिवलं त्यांचा. फोन अर्थात मावशीच्या नातीकडून मागून घेतलेला. फोटो नंतर आला. बाई तेव्हा कशाला हसत होत्या? बोटवाला म्हणाला होता, "साहेब, तुम्हीही या की, तुमच्यासारखं तरंगायला आम्हाला साठ वर्षांत जमलं नाही."

शहरात परतल्यावर लिफ्टवाल्यांनी काय केलं? खरं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण पंधरा दिवस समुद्रात तरंगून आलेल्या माणसात थोडी भरती उरते. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "बाई दिसत नाहीत?" तर हे म्हणाले, "ती तिथंच राहिली. रमली." आणि शिट्टी वाजवत वर गेले. नणंद धावत आली.

"दादा, वहिनी कुठंय?"

"बेटावर."

"कुणाबरोबर?"

"होडीवाल्यांबरोबर."

"वाल्यांबरोबर? म्हणजे किती?"

"सात."

नणंद मटकन खुर्चीत बसली. तिनं पाणी मागितलं. मग फोटो मागितला. पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घरी जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला, कुणाला सांगू नकोस असं बजावून, सांगत गेली. सातचा आकडा लोकांना पचेना, म्हणून त्यांनी तो स्वतःच एकावर आणला. गल्ली तशी समंजस आहे.

बाई परतल्या त्या दिवशी दुपारी इस्त्रीवाल्याची इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली. तो शर्ट नंतर भरून द्यावा लागला. बाई उन्हानं करपलेल्या, पायात वाळू, पाठीवर निळी पिशवी. जिन्याखालचं कुलूप काढलं, मशीनवरची धूळ पुसली. पाच मिनिटांत तीन बायका गोळा झाल्या, ज्यांतल्या एकीलाही काही शिवायचं नव्हतं.

"आलात?" एकीनं धीर केला.

"आले."

"आणि... ते?"

"ते कोण?"

बाईंनी तिघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मधलीला म्हणाल्या, "तू पाऊण इंच वाढलीस. बोलण्यानं भूक लागते ना?"

अडीच वाजता त्यांनी मशीनवर डोकं टेकायच्या आधी कोपऱ्यावरच्या बारा मजली इमारतीकडे पाहून हात हलवला. बायकांनी त्याचाही अर्थ लावला, तो वेगळाच.

तर बोटवाल्याचं म्हणाल, सात होड्यांची छतं शिवायची राहिली होती. ती अकरा दिवसांत शिवून झाली, आणि बाई बाराव्या दिवशीच्या बोटीनं निघाल्या.